आधी कीर्द, मग कल्पना

महाविद्यालयीन व्यवसाय-स्पर्धेत पाठ्यपुस्तके भाड्याने देणारे ॲप मांडणाऱ्या एका गटाचे सादरीकरण सात मिनिटांच्या आत, घंटा वाजण्यापूर्वी, बिनचूक संपले. चौघेही प्रथम वर्षाचे होते. पडद्यावर विद्यार्थ्यांची एकूण संख्या होती, त्यांतल्या फक्त दोन टक्क्यांनी ॲप वापरले तरी तिसऱ्या वर्षी उलाढाल कुठे पोहोचेल याचा चढता आलेख होता, आणि ऑनलाइन प्रश्नावली भरणाऱ्या ११२ जणांपैकी बहुतेकांनी ‘होय, मी ही सेवा वापरेन’ असे म्हटल्याचे रंगीत वर्तुळ होते. परीक्षक म्हणून मी विचारले, “यांतल्या किती जणांनी आजपर्यंत पैसे दिले?” चौघांनी एकमेकांकडे पाहिले. तोवर फक्त स्लाइड पुढे सरकवण्याचे काम करणारी मुलगी हळूच म्हणाली, “सर, मी शाळेत असताना माझी तीन पुस्तकं भाड्यानं दिली होती. दोन परतच आली नाहीत. तिसरं मग अनामत घेऊन दिलं, ते आलं.” हे सादरीकरणात का नाही, असे विचारल्यावर ती म्हणाली, “बरं दिसलं नसतं ना, सर.”

त्या दिवशी त्या सभागृहात मी जे जे ऐकले, त्यात व्यवसायाचे अस्सल ज्ञान म्हणावे असे एवढेच होते. भाड्याच्या धंद्याचा अर्धा जीव त्या दोन वाक्यांत आहे. वस्तू परत येण्याची खात्री किती, न आल्यास बुडणारी रक्कम केवढी, ती भरून काढण्यासाठी अनामत किती मागावी, आणि अनामत मागताच किती गिऱ्हाइके पाठ फिरवतील, हे प्रश्न त्या मुलीने स्वतःची दोन पुस्तके गमावून समजून घेतले होते. आमच्या स्पर्धेची रचना मात्र अशी होती, की ते लपवण्याजोगे आहे असे तिला वाटले. गटाला ‘उत्कृष्ट सादरीकरणा’चे तिसरे पारितोषिक मिळाले. त्या निर्णयावर माझीही सही आहे, तेव्हा पुढे जे लिहितो आहे त्यात थोडा कबुलीजबाबही आहे.

माझे म्हणणे असे, की प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी व्यवसाय-स्पर्धांचे स्वतंत्र महोत्सव जरूर भरावेत, परंतु त्यांत कल्पनेला गुण देणे थांबवावे आणि हिशोबाला द्यावेत. दोन-तीन आठवड्यांच्या मुदतीत, सर्वांना सारख्याच मिळालेल्या तुटपुंज्या भांडवलावर, अनोळखी माणसाला काहीतरी खरोखर विकावे आणि त्याची कीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, जशीच्या तशी परीक्षकांपुढे ठेवावी, एवढीच स्पर्धा असावी. बाकी मंच, दिवे, घोषणा आणि टी-शर्ट हवे तर असोत. त्यांचे मला वावडे नाही.

स्वतंत्र महोत्सव का, याचे उत्तर कुठल्याही खुल्या महोत्सवाच्या निकालपत्रकात सापडते. तिथे अंतिम वर्षाचे विद्यार्थी चषक नेतात, आणि नवागत खुर्च्या मांडतात, पाण्याच्या बाटल्या पोहोचवतात आणि टाळ्या वाजवतात. ज्याला अजून वर्गातील दहा जणांचीही नावे ठाऊक नाहीत, त्याने तीन वर्षे एकत्र मुरलेल्या गटाशी झुंजावे ही अपेक्षा अन्यायाची आहे. म्हणून नवख्यांसाठी वेगळे मैदान आखण्याची कल्पना मला मनापासून पटते. खटकते ते एवढेच, की मैदान वेगळे आखले तरी खेळ आपण थोरांचाच ठेवला.

हा खेळ मुळात कोणासाठी बेतला गेला हे पाहण्यासारखे आहे. विद्यापीठीय व्यवसाय-स्पर्धांच्या सुरुवातीच्या आणि गाजलेल्या स्पर्धांपैकी एक म्हणजे टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन येथील शाखेत १९८४ मध्ये सुरू झालेली ‘मूट कॉर्प’. एमबीएच्या विद्यार्थ्यांनीच ती उभारली, आणि तिचे नाव कायद्याच्या शाखेतील ‘मूट कोर्ट’ म्हणजे अभिरूप न्यायालयावरून घेतले होते. पुढे १९९० मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत (एमआयटी) दहा हजार डॉलर बक्षिसाची स्पर्धा सुरू झाली. ती रक्कम वाढत वाढत पन्नास हजार आणि नंतर एक लाखावर गेली, आणि तिच्या धर्तीवर जगभरच्या महाविद्यालयांत स्पर्धांचे पीक आले. या स्पर्धांत उतरणाऱ्यांपैकी अनेकांच्या मागे नोकरीची काही वर्षे असत, किंवा प्रयोगशाळेत वर्षानुवर्षे खपून सिद्ध केलेले एखादे तंत्रज्ञान असे. त्यांच्या सात मिनिटांच्या मागे सात वर्षे होती. तोच साचा अठरा वर्षांच्या मुलांपर्यंत उतरत आला तेव्हा सात मिनिटे तेवढी शाबूत राहिली आणि मागची वर्षे गळून पडली.

‘मूट कोर्ट’ची उपमाही मला मुळातच लंगडी वाटते. अभिरूप न्यायालयात खटल्यातील घटना छापील कागदावर दिलेल्या असतात, कायदाही ठरलेला असतो, आणि विद्यार्थ्याने त्या दोहोंवर युक्तिवाद रचायचा असतो. त्यामुळे तिथे युक्तिवादाची परीक्षा घेणे रास्त आहे. व्यवसायात घटना आयत्या मिळत नाहीत. लोक काय विकत घेतील, किती देतील, पैसे केव्हा चुकवतील आणि दुसऱ्यांदा येतील का, हे कोणत्याही कागदावर लिहिलेले नसते. ते विकायला गेल्यावरच कळते. ज्यांच्या हाती घटनाच नाहीत त्यांच्याकडून युक्तिवाद मागितला, तर ते घटना कल्पनेने रचणार, आणि ज्याची रचना अधिक देखणी त्याला आपण चषक देणार. मुलांना यात दोष देता येत नाही. आपण विचारलेल्या प्रश्नाचे ते प्रामाणिक उत्तर देत असतात.

त्या दोन टक्क्यांचेच घ्या. ‘एवढ्या मोठ्या बाजारपेठेतला अगदी लहानसा वाटा’ हे वाक्य मी इतक्या गटांच्या तोंडून ऐकले आहे, की आता ते येण्याआधीच पुटपुटू शकतो. ऐकायला ते विनयशील वाटते आणि त्यामुळेच फसवे आहे. लाख विद्यार्थ्यांचे दोन टक्के म्हणजे दोन हजार माणसे. पहिल्या माणसापर्यंत पोहोचायला किती वेळ लागला, किती जणांना विचारल्यावर एकाने होकार दिला, आणि त्या एकासाठी किती खर्च आला, हे ठाऊक असेल तर दोन हजारांचा हिशोब खालून वर रचत नेता येतो. वरून खाली उतरवलेली टक्केवारी मात्र कशावरच उभी नसते. दोनऐवजी चार टक्के लिहायला काहीच श्रम पडत नाहीत, यातच तिचे मोल कळते. प्रश्नावलीचीही तीच गत आहे. फुकट दिलेला होकार आणि खिशात हात घालून दिलेला होकार या दोन वेगळ्या जातीच्या गोष्टी आहेत, आणि सोबतच्या मित्राने पाठवलेली प्रश्नावली भरताना ‘नाही’ म्हणण्याइतका कठोर मनुष्य विरळा.

मग सादरीकरणातून नेमके मोजले काय जाते? २०१४ मध्ये ॲलिसन वुड ब्रुक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या एका संशोधनात व्यवसायाचे एकच सादरीकरण, शब्दही न बदलता, काहींना पुरुषाच्या आणि काहींना स्त्रीच्या आवाजात ऐकवण्यात आले. निवड करणाऱ्यांपैकी सुमारे ६८ टक्क्यांनी पुरुषी आवाजातील प्रस्तावाला पसंती दिली. त्याच संशोधनात प्रत्यक्ष स्पर्धांच्या निकालांचाही अभ्यास होता, आणि देखण्या पुरुष सादरकर्त्यांचे पारडे तिथेही जड असल्याचे दिसले. परीक्षकांना हे जाणवत नसते, हाच त्यातला धोका आहे. स्लाइड सरकवणारी मुलगी आणि बोलणारा मुलगा ही कामाची विभागणी त्या गटाने आपसात कशी केली असेल, याचा विचार मला नंतर बरेच दिवस छळत राहिला. ज्याची भाषा सफाईदार, ज्याचा आवाज खणखणीत, ज्याने शाळेत असतानाच मंच पाहिला आहे, तो प्रथम वर्षाच्या स्पर्धेत आपसूक पुढे जातो. म्हणजे तीन वर्षे मुरलेल्यांपासून वाचवण्यासाठी वेगळा महोत्सव भरवायचा आणि आत शिरताच जन्मजात मुरलेल्यांच्या हाती तो सोपवायचा, असे आपण करतो.

त्यात आता कृत्रिम बुद्धिमत्तेची भर पडली आहे. एका ओळीची सूचना दिली की समस्या, उपाय, बाजारपेठ, स्पर्धक आणि पाच वर्षांचे अंदाज असा दहा-बारा स्लाइडचा संच काही मिनिटांत तयार होतो, आणि तो वाईटही नसतो. पूर्वी निदान एवढे म्हणता येत असे, की संच नेटका आहे त्या अर्थी मुलांनी मेहनत घेतली आहे. तो आधारही आता उरला नाही. यावर बंदी घालण्याचे उपाय सुचवले जातात. मला ते व्यर्थ वाटतात. जी गोष्ट यंत्र मिनिटात करते तिला पहिल्या वर्षी बक्षीस कशासाठी द्यायचे, हा प्रश्न अधिक सरळ आहे.

महोत्सवांच्या फलकांवर हमखास झळकणारी चित्रे हाही या साच्याचाच भाग आहे. शिक्षण अर्धवट सोडून विशीत कंपनी काढणाऱ्या दोन-तीन अब्जाधीशांचे चेहरे पाहून अठरा वर्षांच्या मुलाला वाटते, की आपल्याला उशीर होतो आहे. पिएर अझुले, बेंजामिन जोन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील सरकारी नोंदींच्या आधारे केलेला आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो, की तिथल्या सर्वांत वेगाने वाढणाऱ्या, म्हणजे हजारांत एक अशा, नव्या कंपन्यांच्या संस्थापकांचे कंपनी काढतानाचे सरासरी वय ४५ होते. पंचेचाळीस! प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याच्या हातात त्या हिशोबाने सत्तावीस वर्षे शिल्लक आहेत. त्याने पहिल्याच वर्षी जग बदलणारी कल्पना आणावी ही घाई कोणाची आहे, याचा शोध आयोजकांनी एकदा घ्यावा.

अनुभवी उद्योजक स्वतः कसा विचार करतात, यावर संशोधक सरस सरस्वती यांच्या कामाचा मला नेहमी आधार वाटतो. मूळच्या भारतीय असलेल्या सरस्वती यांनी २७ कसलेल्या उद्योजकांपुढे एक काल्पनिक उत्पादन ठेवले आणि त्याचा धंदा कसा उभारणार हे मोठ्याने विचार करत सांगायला लावले. त्यांतले अनेक जण बाजार-सर्वेक्षणांवर विसंबायला तयार नव्हते; हाताशी काय आहे, ओळखीत कोण आहे आणि सगळ्यांत जवळच्या गिऱ्हाइकाला हे आज विकता येईल का, इथून त्यांचा विचार सुरू होत होता. थोडक्यात, ज्या पद्धतीने मुरब्बी माणसे विचार करतात तिच्या नेमकी उलटी पद्धत आपण पहिल्या वर्षी पारितोषिक देऊन रुजवतो.

प्रत्यक्ष विकायला गेले की काय घडते, याचे माझे आवडते उदाहरण स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या टीना सीलिग यांच्या वर्गातले आहे. त्यांनी विद्यार्थ्यांच्या गटांना पाच डॉलर आणि दोन तास देऊन जास्तीत जास्त कमाई करायला सांगितले. एका गटाने विद्यार्थ्यांच्या वर्दळीच्या जागी उभे राहून सायकलींच्या चाकांतली हवा फुकट तपासून द्यायला सुरुवात केली, आणि हवा भरायची झाल्यास एक डॉलर आकारला. काम चालले होते. अर्ध्या वाटेवर त्यांनी ठरलेली रक्कम मागणे सोडून दिले आणि ‘तुम्हाला योग्य वाटेल ते द्या’ असे म्हणायला सुरुवात केली, तशी कमाई एकदम वाढली. लोकांना ठरावीक दराने विकलेल्या हवेपेक्षा मदतीची परतफेड म्हणून हात सैल सोडणे सोपे गेले, हे त्या मुलांना पहिल्या तासाच्या गिऱ्हाइकांचे चेहरे पाहून सुचले. सभागृहात बसून ते कोणालाही सुचले नसते, मलाही नाही. सगळ्यांत जास्त, साडेसहाशे डॉलर, कमावणाऱ्या गटाने मात्र वर्गातली सादरीकरणाची आपली तीन मिनिटे विद्यार्थ्यांची भरती करू पाहणाऱ्या एका कंपनीला जाहिरातीसाठी विकून टाकली. हे उदाहरण चातुर्याचा नमुना म्हणून नेहमी सांगितले जाते. माझे मत जरा वेगळे आहे: वर्गमित्रांचे लक्ष विकणे ही युक्ती आमच्या महोत्सवांचे प्रायोजक आधीपासूनच उत्तम जाणतात, आणि तिच्याकडे मी पुढे येणारच आहे.

आता कोणी म्हणेल, की स्टॉल लावून विक्री करण्याच्या स्पर्धा तर बहुतेक महोत्सवांत असतातच. असतात, आणि तिथे गर्दीही उत्तम होते. पण त्यांचा निकाल एकूण विक्रीवर लागतो, आणि तिथेच घात होतो. हाताने रंगवलेल्या मुखपृष्ठांच्या वह्या विकणाऱ्या एका गटाची हिशोबाची वही मी एकदा मागून घेतली. साठ वह्या केल्या होत्या, एक्केचाळीस विकल्या गेल्या. गटाने विक्रीच्या रकमेतून रंगांचा आणि दोऱ्याचा खर्च वजा केला होता, उरलेल्या एकोणीस वह्या विक्रीच्या भावाने ‘शिल्लक माल’ म्हणून जमेला धरल्या होत्या, आणि शेवटी लाल शाईत घसघशीत नफा लिहून त्याभोवती चौकट आखली होती. आम्ही चहा येईपर्यंत ती हिशोबाची वही घेऊन बसलो. कागद कुठून आला? एकीच्या वडिलांचा छापखाना होता, तिथून फुकट आला. टेबल आणि जागा? महाविद्यालयाची, फुकट. रंगवायला किती वेळ लागला? चौघींच्या तीन संध्याकाळी. त्या वेळाची मजुरी? चौघी हसल्या. विकत कोणी घेतल्या? एक्केचाळीसपैकी एकोणतीस वह्या वर्गातल्या मुलामुलींनी आणि घरच्यांनी घेतल्या होत्या. राहिल्या एकोणीस वह्या. शिल्लक माल लागत खर्चाने किंवा विकून हाती येऊ शकेल त्या रकमेने, यांत जे कमी असेल त्याने धरायचा, हा हिशोब ठेवण्याचा जुना नियम मी सांगितला, तेव्हा त्यांतल्या एकीने शिल्लक वही उचलून माझ्यापुढे उघडी धरली. मुखपृष्ठावर महोत्सवाचे नाव आणि तारीख रंगवलेली होती. उद्यापासून ती कोण घेणार?

चौकटीतला नफा पंधरा मिनिटांत तोट्यात गेला, आणि चौघींचे चेहरे उतरण्याऐवजी उजळले. त्या लगेच आपसात बोलू लागल्या: तारीख घालायची नव्हती, साठऐवजी तीस करायच्या होत्या, आधी मागणी नोंदवून मग रंगवायच्या होत्या. फुकट मिळालेला कागद, फुकट मिळालेली जागा आणि न धरलेली मजुरी ही व्यवसायातली सगळ्यांत मोठी भुरळ आहे; कित्येक प्रौढ माणसे घरचा गाळा आणि घरच्यांचे श्रम न धरता वर्षानुवर्षे आपण नफ्यात आहोत अशा समजुतीत राहतात. अठराव्या वर्षी, एकोणीस वह्यांच्या तोट्यात, ही गोष्ट कळणे फार स्वस्त पडले असे मी म्हणेन. निकाल अर्थातच एकूण विक्रीवर लागला आणि त्या गटाचा क्रमांक आला नाही. त्यांच्या वहीसाठी गुणपत्रिकेत रकानाच नव्हता.

असा रकाना असू शकतो याचे उदाहरण आहे. बॅब्सन कॉलेज या उद्योजकतेसाठी नावाजलेल्या अमेरिकी संस्थेत प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांना गटागटाने खराखुरा व्यवसाय चालवावा लागतो. सुरुवातीचे भांडवल संस्था कर्जाऊ देते, ते परत फेडायचे असते, शेवटी व्यवसाय रीतसर गुंडाळायचा असतो, आणि नफा उरलाच तर तो समाजोपयोगी कामाला जातो. त्यातल्या दोन गोष्टी मला विशेष मोलाच्या वाटतात. भांडवल सर्वांना संस्थेकडून आणि कर्ज म्हणूनच मिळत असल्याने कोणाच्या वडिलांच्या छापखान्याला वाव कमी राहतो. आणि व्यवसाय बंद करणे हाही अभ्यासाचा भाग असतो: उधारी वसूल करणे, उरलेला माल निकाली काढणे, कर्ज फेडून खाते मिटवणे. आमच्या महोत्सवांत व्यवसाय फक्त जन्माला येतात. बारसे थाटात होते, आणि नंतर त्या बाळाचे काय झाले हे कोणी विचारत नाही.

अर्थात वर्षभराचा अभ्यासक्रम आणि तीन दिवसांचा महोत्सव यांत फरक आहे, हे मान्य. म्हणून मी महोत्सव तीन दिवसांचाच ठेवावा, पण व्यवसायाची मुदत त्याआधीच्या दोन-तीन आठवड्यांची असावी असे सुचवतो. महोत्सवाच्या दिवशी गटांनी फक्त वही घेऊन यावे. परीक्षकाने वहीतली कोणतीही एक नोंद बोट ठेवून विचारावी, ‘हे गिऱ्हाईक कोण, ते कसे मिळाले, पैसे केव्हा आले?’, आणि गटातल्या कोणीही, परीक्षक निवडेल त्याने, उत्तर द्यावे. म्हणजे स्लाइड सरकवणारी मुलगीही बोलती होईल. अनोळखी गिऱ्हाइकाला केलेल्या विक्रीला ओळखीच्या विक्रीपेक्षा अधिक वजन असावे. खोट्या नोंदी होतील, ही भीती रास्त आहे. पण खोटी कीर्द रचणे खोट्या आलेखापेक्षा कितीतरी कठीण असते, कारण कीर्दीत एक आकडा खोटा घातला की तो जुळवण्यासाठी आणखी चार घालावे लागतात आणि दोन प्रश्नांतच शिवण उसवते. ज्यांनी कधी कोणाची खतावणी तपासली आहे त्यांना हे पटवून द्यायला नको.

माझ्या या सूचनेवर सर्वांत वजनदार आक्षेप एका सहकारी प्राध्यापिकेने घेतला. त्या म्हणाल्या, “तुम्ही मुलांना किरकोळ विक्रेते बनवायला निघालात. मोठं स्वप्न पाहायचं वय आहे त्यांचं.” यात तथ्य आहे. काही व्यवसाय दोन आठवड्यांत विकून पाहता येत नाहीत. औषधशोधाचे, अवजड यंत्रांचे किंवा मूलभूत सॉफ्टवेअरचे काम तसे आहे. इंटरनेटवरील वाहतुकीचा भार वाटून घेणारी आकामाई ही कंपनी १९९८ मध्ये एमआयटीच्या त्याच स्पर्धेत अंतिम फेरीत होती, आणि ती हवेतूनच अवतरलेली नव्हती. गणिताचे सखोल संशोधन तिच्यामागे होते. तिला पहिले बक्षीस मिळाले नाही, हेही इथे नमूद करतो, कारण परीक्षकांच्या दूरदृष्टीबद्दल आपण फार भ्रमात राहू नये. पण असे काम पहिल्या वर्षाचा विद्यार्थी आणत नाही. त्याच्याजवळ ते यायला अजून काही वर्षे लागतील, आणि तेव्हा त्याच्यासाठी मोठ्या स्पर्धा आहेतच. तोवर त्याने विक्री आणि वसुली यांतला फरक शिकला तर त्याच्या स्वप्नाचे काय बिघडणार? मला तर वाटते, की ज्याने एक उधारी बुडालेली पाहिली आहे तो मोठे स्वप्न अधिक नीट पाहतो.

दुसरा आक्षेप असा, की लाजाळू मुलांना मंचावर उभे राहण्याची संधी या स्पर्धांमुळेच मिळते. मिळते खरी. पण सभागृहापुढे पाठ केलेले बोलण्याने येणारा धीर आणि अनोळखी माणसाकडून तोंडावर नकार ऐकून पुढच्याकडे जाण्याने येणारा धीर यांत दुसरा अधिक काळ टिकतो, असे माझे निरीक्षण आहे. याहून अधिक त्यावर बोलण्यासारखे मला काही नाही.

बक्षिसांबद्दल मात्र थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण प्रायोजक मिळाला की आयोजकांचा पहिला विचार बक्षिसाची रक्कम वाढवण्याचा असतो. पीटर स्किलमन यांनी रचलेला एक खेळ टॉम वुजेक यांनी २०१० च्या एका व्याख्यानातून जगभर पोहोचवला: स्पॅगेटीच्या वीस कच्च्या काड्या, थोडी चिकटपट्टी, थोडा दोरा आणि एक मार्शमेलो (मऊ, फुगीर गोड वडी) घेऊन अठरा मिनिटांत जास्तीत जास्त उंच मनोरा उभारायचा, मार्शमेलो शेंड्यावर हवा. व्यवस्थापनाचे नवपदवीधर यात सातत्याने मागे पडतात आणि बालवाडीची मुले त्यांच्या पुढे जातात. पदवीधर एकच योजना आखून सगळा वेळ ती उभी करण्यात घालवतात आणि शेवटच्या क्षणी मार्शमेलो ठेवताच मनोरा कोसळतो. मुले पहिल्यापासून मार्शमेलो लावून, पाडून, पुन्हा उभारत राहतात. एवढा भाग अनेकांना माहीत असतो. वुजेक यांनी पुढे सांगितलेली गोष्ट त्याहून बोधक आहे. त्यांनी एकदा विजेत्या गटाला दहा हजार डॉलर किमतीच्या सॉफ्टवेअरचे बक्षीस जाहीर केले, आणि त्या वेळी एकाही गटाचा मनोरा उभा राहिला नाही. त्याच विद्यार्थ्यांनी काही महिन्यांनी, पाडून-उभारून पाहण्याचे मर्म कळल्यावर, तोच खेळ पुन्हा खेळला तेव्हा निकाल पार पालटला. नवख्यांपुढे मोठे बक्षीस ठेवले की ते प्रयोग करायचे सोडून एकाच डावावर सगळे लावतात. म्हणून प्रथम वर्षाच्या महोत्सवात रोख बक्षीस नसावे, असल्यास नाममात्र असावे. उरलेला पैसा सर्व गटांच्या कर्जाऊ भांडवलात घालावा.

प्रायोजकांवर मी रागावलेलो नाही. त्यांच्याशिवाय मंडप उभा राहत नाही हे मला ठाऊक आहे. परंतु प्रवेशद्वाराशी मांडलेल्या टेबलावर ‘फक्त ॲप डाउनलोड करा आणि नंबर द्या’ म्हणून अठरा वर्षांच्या शेकडो मुलांचे फोन क्रमांक गोळा होतात, आणि नंतर वर्षभर त्यांना कर्जाचे व शिकवणीचे फोन येत राहतात, तेव्हा त्या महोत्सवात विकला जाणारा मुख्य माल कोणता, हे मुलांना कोणीतरी सांगायला हवे. खरे तर हाच त्यांच्या पहिल्या केस स्टडीचा विषय व्हावा. आयोजन समितीने प्रायोजकाशी केलेला करार, त्यातल्या अटी, मिळालेली रक्कम आणि तिच्या मोबदल्यात दिलेल्या गोष्टी सर्वांसमोर फळ्यावर मांडाव्यात. एक गंमत अशी, की या सगळ्या महोत्सवात खरा व्यवसाय जर कोणी करत असेल तर ती ही आयोजन समितीच. मंडपवाल्याला आगाऊ रक्कम देणे, ध्वनिव्यवस्थेचा दर घासाघीस करून उतरवणे, नोंदणी अपेक्षेपेक्षा कमी झाल्यावर खर्च कुठे छाटायचा हे रात्री अकराला ठरवणे, प्रायोजकाने कबूल केलेला शेवटचा हप्ता महोत्सव संपल्यावर दोन महिने मागत राहणे, हे सारे ती मुले रोज करतात. आणि त्याच मंडपात, त्यांनीच लावलेल्या दिव्यांखाली, प्रथम वर्षाची मुले तिसऱ्या वर्षीच्या काल्पनिक उलाढालीवर बोलत असतात. समितीच्या हिशोबाच्या टेबलाशी प्रत्येक गटातला एक जण एक दिवस बसवला तरी निम्मे काम होईल.

राहता राहिला प्रश्न तोट्याचा. गट तोट्यात गेला आणि कर्ज फेडू शकला नाही तर काय, असे आयोजक विचारतात. रक्कम मुळातच इतकी लहान ठेवावी, की ती बुडाली तर महोत्सवाला सोसवेल आणि विद्यार्थ्याच्या घरापर्यंत तिची झळ जाणार नाही. विद्यार्थ्याला स्वतःच्या खिशातून पैसे घालण्यास सक्त मनाई असावी. मात्र कर्ज माफ करण्यापूर्वी गटाने वही आणून, कोणत्या तारखेपासून आपण तोट्यात जाऊ लागलो आणि ते आपल्याला कोणत्या तारखेला कळले, या दोन नोंदींवर खूण करून दाखवावी. त्या दोन तारखांमधले अंतर जितके कमी, तितके गुण अधिक. या नियमाने तोट्यातला गटही पहिला येऊ शकतो, आणि तो यावा अशी माझी इच्छा आहे. वह्या रंगवणाऱ्या चौघींना त्या हिशोबाने बरेच गुण मिळाले असते. त्यांच्या त्या दोन तारखांत अवघ्या एका दिवसाचे अंतर होते.